चालकाशी बोलू नये

क्वम हेलिग सतरा, पाहुणे एकोणीस.
शेवटच्या मिनिटाला रकच्या ढिगाऱ्यातल्या एका हातासाठी
मी पेनल्टी दिली, आणि गाव हरलं.

बूट धुवायला बेसिनपाशी वाकलो होतो,
चिखल नळाखालून जाता जात नव्हता,
तेव्हा दारात आयोरवर्थ प्रॉसर, त्यांचा कोच.
टोपी भिजलेली, आवाज कोरडा.
"एकच प्रश्न," म्हणाला.
एकच कधी नसतो.
मी म्हटलं, अर्धा तास दे.

हा नियम पुस्तकात नाही.
डेन्झिल मॅडॉक्सने शिकवला मला,
तीस वर्षं शिट्टी फुंकून ज्याचे गुडघे गेले
पण झोप शाबूत राहिली:
तापल्या तव्यावर तू बसू नकोस,
त्यालाही बसू देऊ नकोस.

अर्ध्या तासाने क्लबहाउसमध्ये शोधलं. प्रॉसर घरी गेला होता.
माझ्या वाटणीच्या चिप्स गार.

रविवारी मूल्यमापकाचा कागद आला.
संवाद: चांगला.
स्थाननिवड: सुधारणेला वाव.
बायको म्हणाली, हे आपल्या न्हाणीघरालाही लागू आहे.
मी तो फ्रिजवर लावला, दातांच्या डॉक्टरच्या तारखेखाली.

रात्री ते मिनिट पुन्हा पुन्हा पाहिलं.
कॅमेरा खांबावर असतो,
त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये कुणाची पाठ येत नाही.
माझ्या मध्ये आठ नंबरचा पोरगा होता, कपाटाएवढा.
हात होता, खरं आहे.
बाही लाल होती की हिरवी
ते मला दिसलं नव्हतं.
मला फक्त खात्री होती.

सोमवारी सात-दहाची बस.
पोट माझं हिच्यावर, शनिवार हा निव्वळ छंद.
चॅपलच्या थांब्यावर प्रॉसर चढला.
गाडी बिघडली होती की मुद्दाम, कळलं नाही.
सुटे मोजून दिले
आणि माझ्या खांद्यामागचा दांडा धरून उभा राहिला.
"त्रेसष्टावं मिनिट. फॉरवर्ड पास."
मी पाटीकडे बोट केलं:
बस चालू असताना चालकाशी बोलू नये.
मागे शाळेची पोरं फिसकन हसली.

तो गप्प झाला.
पण गप्प राहूनही कोच लोक किती बोलतात!
आरशात ओठ हलत होते,
स्क्रम, लाइनआउट, धाकट्या पॅरीचं पिवळं कार्ड.
चढावर दुसरा गिअर टाकला.
खाणीच्या काळ्या डोंगरावर आता गवत आहे, मेंढ्या आहेत.
त्याचा थांबा आला. तो उतरला नाही.

शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद केलं.
सात मिनिटं असतात.
"बोल आता."
बोलला. बोटं संपली तरी मोजत राहिला.
मी मध्ये पडलो नाही.
मग सांगितलं: पास सरळ होता.
स्क्रमचं तू म्हणतोस ते चूक.
पिवळं कार्ड उद्याही देईन.
डेन्झिल म्हणायचा, समोरचा रडवेला दिसला
म्हणून चूक कबूल करू नये,
ते दान झालं, उत्तर नव्हे.

"पण तो हात, आयोरवर्थ, मी पाहिला नाही.
न पाहता फुंकली."

त्याच्याकडे अजून बरंच शिल्लक होतं.
गरम बटाटा तोंडात अडकावा तसा
तो नुसताच श्वास घेत राहिला.

खिशातून पुदिन्याच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली.
"पोरांना मी सांगितलंय, तू चोर आहेस म्हणून."
"मंगळवारी सरावाला सांग, आंधळा आहे."
"फरक काय?"
"चोराला चष्मा लागत नाही."
हसला नाही. गोळी मात्र दाताखाली फोडली.

परतीच्या तिकिटाचे पैसे मी घेतले.
तो पाटीखालच्या सीटवर बसला,
आणि खाली चॅपल येईपर्यंत
आम्ही दोघांनी ती पाटी पाळली.